गवळाऊ गोवंश : वाढ व प्रजनन गुणांची आनुवंशिकता

नागपूर व वर्धा जिल्हे आणि लगतचे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या टापूतील पांढऱ्या ते राखाडी, चपळ गवळाऊ गुरांत वजनवाढ आणि प्रजननक्षमता हे गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे उतरतात, याविषयीची ही नोंद. बंडी, वखर आणि शंकरपटातील (बैलांच्या शर्यतीतील) या बैलांचा वापर सर्वपरिचित आहे.

जातीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. मराठ्यांच्या फौजांना वेगाने चालणारे बैल हवे होते, त्या गरजेतून ही जात घडली, असे परंपरेने सांगतात. हे बहुधा अठराव्या शतकाला, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या काळाला धरून असावे. मात्र त्यातून जातीची जोपासना कळते, उगम नव्हे. आंध्रातील ओंगोल जातीशी गवळाऊचे साम्य ठळक आहे. पशुतज्ज्ञ जोशी व फिलिप्स यांनी १९५३ च्या वर्गीकरणात दोघींना हरियाणा, भागनाडी या जातींसह एकाच गटात ठेवले. गवळाऊ ही ओंगोलचीच हलकी शाखा, असे काही मानतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरत गेलेल्या एकाच पांढऱ्या गोवंशाचे हे दोन टप्पे, हे दुसरे मत भौगोलिक सलगतेमुळे अधिक पटते.

आनुवंशिकतेच्या अभ्यासालाही या नात्याचे महत्त्व आहे. ओंगोलपासून ब्राझीलमध्ये वाढवलेल्या नेलोर जातीच्या नोंदी विपुल असून गवळाऊबाबतची अनुमाने अनेकदा त्यांच्या आधारे बांधली जातात. तेथे सावधगिरी हवी. आनुवंशिकता गुणांक म्हणजे कळपातील जनावराजनावरांतल्या फरकाचा आईबापांकडून संततीत उतरू शकणारा वाटा. तो त्या कळपाचा आणि तेथील हवा-चाऱ्याचा असतो, जातीचा कायमचा गुण नव्हे.

मांसासाठी जोपासलेल्या परदेशी जातींत जन्मवजन व वर्षाच्या वयाचे वजन यांचा गुणांक साधारणतः ०.३ ते ०.४ आढळतो, गाभण राहण्याचे प्रमाण आणि दोन वेतांतील अंतर यांचा बहुधा ०.१ च्या आतच. म्हणून वजनदार वळू निवडला की गोऱ्हे लवकर सुधारलेले दिसतात, गाईंचे वेत मात्र नियमित होत नाही. यावरून प्रजननात जनुकांना स्थान नाही, असा अर्थ काढणे चूक ठरेल. चारा, उन्हाळा, माज ओळखण्यातली चूक यांनी होणारे फरक इतके मोठे असतात की जनुकांचा वाटा त्यांत झाकला जातो. जवळच्या नात्यातील संकराचा फटकाही प्रजननालाच अधिक बसतो. वळू मोजके उरलेल्या गवळाऊत हा धोका खरा आहे.

प्रजननातील सगळेच गुण मंद नाहीत. वळूच्या वृषणकोशाच्या घेराचा गुणांक ०.४ च्या आसपास किंवा अधिक असतो आणि मोठ्या घेराच्या वळूच्या कालवडी लवकर माजावर येण्याकडे कल दिसतो. त्यामुळे मादीतच प्रकटणाऱ्या गुणासाठी नराची निवड काही अंशी करता येते. उलट बाजूही आहे. चौदाव्या गुणसूत्रावरील प्लॅग-१ या जनुकाच्या परिसरातला एक भेद उंची व वजन वाढवतो, पण ब्राह्मन गुरांत तोच वयात येणे लांबवतो, असे दिसले आहे. ब्राह्मन ही भारतीय वंशाच्या गुरांपासून अमेरिकेत घडवलेली जात असल्याने हा निष्कर्ष येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी असल्याने वाढीचा गुण येथे ओढकामासाठीच मोलाचा. शंकरपटातील वेगावरून वळू ठरवण्याची रीत जुनी आहे. पण त्या वळूच्या आईचे पहिल्या वेताचे वय, तिच्या वेतांतील अंतर आणि पुढे त्याच्या कालवडींच्या नोंदी पाहिल्याखेरीज ती निवड अपुरीच राहते. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे गवळाऊ पैदाशीचे शासकीय केंद्र आहे.