पुतळ्याखाली झोपलेला अर्नोल्ड: त्या फोटोची खरी गोष्ट

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाम मंदिरात घाम गाळून आलेली मुलंसुद्धा हा फोटो एकमेकांना पाठवतात: शरीरसौष्ठवपटू आणि हॉलिवूड नट अर्नोल्ड श्वार्झनेगर स्वतःच्याच पुतळ्याखाली जमिनीवर झोपलेला. सोबतचा मजकूर असा: गव्हर्नर असताना त्याने ज्या हॉटेलचं उद्घाटन केलं, तिथे ‘तुमच्यासाठी खोली कायम राखीव’ असं सांगितलं होतं. पद गेल्यावर तीच खोली नाकारली, म्हणून तो रस्त्यावर झोपला.

हे खोटं आहे. फोटो खरा, पण 2016 मध्ये तो अर्नोल्डनेच गमतीने टाकला होता, ‘काळ किती बदलला’ अशा अर्थाच्या ओळीसह. खोली नाकारल्याचा त्यात उल्लेखही नव्हता. पुतळा आहे ओहायोतल्या कोलंबसमध्ये, आणि अर्नोल्ड 2003 ते 2011 गव्हर्नर होता तो कॅलिफोर्नियाचा!

पुतळा तिथेच का, हे खरं तर जास्त वाचण्यासारखं आहे. 1970 मध्ये याच कोलंबसला त्याने मिस्टर वर्ल्ड या शरीरसौष्ठव स्पर्धेत तेव्हाच्या अव्वल सर्जिओ ऑलिव्हाला पहिल्यांदा हरवलं. त्याच वर्षी मिस्टर ऑलिम्पिया ही शरीरसौष्ठवातली सर्वात मानाची स्पर्धाही जिंकली. ती त्याने एकूण सात वेळा जिंकली. कोलंबसच्या त्या स्पर्धेचे संयोजक जिम लॉरिमर यांच्याशी जुळलेली मैत्री टिकली आणि 1989 पासून दोघांनी ‘अर्नोल्ड क्लासिक’ ही शरीरसौष्ठव स्पर्धा तिथेच भरवली. सिनेमात जम बसला तो या किताबांनंतर, 1982 चा ‘कोनान’ आणि 1984 चा ‘टर्मिनेटर’ आल्यावर.

ऑस्ट्रियातल्या खेड्यातून आलेल्या त्या मुलाला कोलंबसने कधी दार बंद केलं नाही. मुलांनो, तो मजकूर पुढे पाठवू नका.