'व्हायरल हाय' म्हणजे नक्की काय हाय : तंबाखूच्या पानापासनं आज्जीच्या नागिणीपर्यंत

पावसानं पंधरा दिवस कोल्हापूर भिजवलं की आमच्या गल्लीत एकच वाक्य फिरायला लागतंय, "व्हायरल हाय". डॉक्टर म्हणतोय, मेडिकलवाला म्हणतोय, आता तर दारात भाजी घेऊन येणारी मावशीबी म्हणती. आणि एवढं म्हटलं की सगळ्यांचं समाधान, रोगाचं नाव-गाव-पत्ता सगळं कळल्यागत. पण ह्या शब्दाच्या मागं जरा जाऊन बघितलं तर गोष्ट माणसाच्या तापापासनं सुरूच होत नाही, ती सुरू होते तंबाखूच्या पानापासनं आणि दुसरा नंबर लागतो जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा. निपाणीकडची तंबाखूची रानं बघितलेल्या आणि गोठ्यात म्हैस असलेल्या माणसाला हा विषय परका वाटायचं काही कारणच नाही.

तर तिकडं हॉलंडमध्ये तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद हिरवे ठिपके पडायचे, पानं आकसायची, माल वाया. आडॉल्फ मायर नावाच्या माणसानं १८८६ मध्ये दाखवलं की रोगी पानाचा रस चांगल्या झाडाला टोचला की तेबी आजारी पडतंय. त्याला वाटलं बॅक्टेरिया असणार, कारण त्या काळात जो तो बॅक्टेरियाच शोधत होता. मग १८९२ ला रशियात दिमित्री इव्हानोव्स्कीनं तो रस चिनी मातीच्या कँडलमधनं गाळला. आपल्या घरात पूर्वी स्टीलचा दोन डब्यांचा फिल्टर असायचा बघा, आत पांढरी कँडल आणि खाली तोटी, त्याच जातीची ही कँडल, पाश्चरच्या प्रयोगशाळेत शांबरलाँनं काढलेली. त्यातनं बॅक्टेरिया पलीकडं जात नाही. पण गाळलेल्या रसानंबी झाड आजारी पडलं! इव्हानोव्स्कीला स्वतःलाच त्याचा नीट अर्थ लागला नाही, फिल्टर फुटका असंल किंवा काहीतरी विष असंल असल्या शंकेत तो राहिला.

अर्थ लावला तो बायरिंक नावाच्या शास्त्रज्ञानं, १८९८ ला, परत हॉलंडमध्येच. त्यानं बघितलं की ही वस्तू नुसत्या रसात वाढत नाही, बाटलीत ठेवा नाहीतर खायला घाला, जिवंत झाडात गेली तरच वाढती. म्हणून तो म्हणाला हा 'जिवंत द्रव' आहे, आणि त्याला जुना लॅटिन शब्द लावला, व्हायरस, म्हणजे विष. गंमत अशी की तो लॅटिन शब्द आणि आपला संस्कृत 'विष' हे एकाच मुळाचे, त्यामुळं मराठीत ज्यानं कुणी 'विषाणू' केलं त्याचं काम अर्धं आधीच झालेलं होतं. द्रव म्हणण्यात मात्र बायरिंक चुकला, पण जिवंत पेशीशिवाय वाढत नाही हे त्याचं म्हणणं आजबी जसंच्या तसं उभं आहे.

त्याच सुमाराला आपल्याकडं काय चाललं होतं, तर प्लेग. मुंबईत १८९६ ला आला आणि मग घाटावर पसरला, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत माणसं गाव सोडून बाहेर झोपड्या टाकून राहत होती. पण प्लेग व्हायरसचा न्हवं. त्याचा जंतू १८९४ लाच हाँगकाँगात सापडला होता कारण तो साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतो. व्हायरस दिसतच न्हवता, आणि पुढची चाळीस वर्षं दिसणार न्हवता, ही सगळी मंडळी अंधारात चाचपडत होती.

१८९८ मध्येच जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश हे दोन शास्त्रज्ञ लाळ्या-खुरकुतावर लस शोधत होते. लाळ्या काय असतो हे आपल्याला सांगायची गरज नाही, तोंडाला फोड, लाळ गळती, खुरात जखमा, दूध आटतंय. त्यांनी फोडातलं पाणी गाळलं, वासराला टोचलं, वासरू आजारी. आता शंका अशी की हे नुसतं विष नसंल कशावरनं? म्हणून त्या वासराच्या फोडातलं पाणी घेऊन दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. विष असतं तर दर वेळी पातळ होत होत संपलं असतं, पण शेवटचं वासरूबी तेवढंच आजारी. म्हणजे ती वस्तू आत वाढत होती. मला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो, कारण त्यात काहीच दिसत नाही, नुसता हिशेब आहे, आणि हिशेबातनं एक न दिसणारा प्राणी (प्राणी म्हणायचं का हा वाद अजून आहे) पकडला.

माणसाच्या रोगाचा पहिला व्हायरस १९०१ ला, पीतज्वराचा, क्युबात. आणि तरीबी १९१८ ला मानमोडी, म्हणजे फ्लूची मोठी साथ, आली तेव्हा जगातले बहुतेक डॉक्टर एका बॅक्टेरियाच्या मागं होते, फायफर नावाच्या माणसानं १८९२ ला सापडवलेल्या. एकट्या हिंदुस्थानात त्या तापानं एक कोटीच्या वर माणसं गेली. खरा व्हायरस माणसातनं वेगळा काढला १९३३ मध्ये, लंडनला, तोबी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या जनावराच्या नाकात रोग्याच्या घशातलं पाणी घालून. १९३५ ला स्टॅन्ली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या व्हायरसचे चक्क मिठासारखे खडे बनवले, आणि १९३९ ला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तो एकदाचा दिसला, काडीसारखा. फ्लूचा व्हायरस असा की एक मिलिमीटरात दहा हजार ओळीनं बसतील.

आता हे वाढतंय कसं? मी गुऱ्हाळातनं समजून घेतलं. समजा रात्री एक पाव्हणा गुऱ्हाळात घुसला. त्याच्याकडं ऊस नाही, घाणा नाही, काहील नाही, जळण नाही, फक्त एक चिठ्ठी. गुळव्या चिठ्ठी वाचतो आणि त्यात लिहिलंय गूळ बंद, आता ह्याच चिठ्ठीच्या हजार नकला काढा आणि त्या घालायला डबे बनवा. गुळव्या इमानदार, तो करतो. चुलवण आपलं, जळण आपलं, माल त्याचा. चिठ्ठी म्हणजे डीएनए नाहीतर आरएनए, डबा म्हणजे प्रोटीनचं कवच. पेशीत शिरल्यावर काही तास तर व्हायरस शोधूनबी सापडत नाही कारण डबा उघडलेला असतोय आणि नवे अजून भरायचे असतात. मग एकदम बाहेर. पोलिओचा आठेक तासात पेशी फोडून हजारोंनी, फ्लूचा पेशीच्याच कातडीचा तुकडा अंगावर पांघरून एकेक करत. फ्लूसारख्या आरएनएवाल्यांना नक्कल काढताना झालेली चूक परत तपासायची सवय नाही, म्हणून दर हंगामाला त्याचं तोंड जरा बदललेलं असतंय आणि लस दर वर्षी नवी काढावी लागती.

अँटिबायोटिक का चालत नाही ते इथंच कळतंय. ती गोळी बॅक्टेरियाच्या भिंतीवर, त्याच्या स्वतःच्या यंत्रावर मारा करती. व्हायरसला भिंतबी नाही आणि यंत्रबी नाही, सगळं आपलंच. हे मला कळायच्या आधी मी कपाटातलं अर्धं राहिलेलं पाकीट काढून दोन दिवस गोळ्या खाल्लेल्या आहेत, ताप उतरला, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की ती गोळी लई भारी. ताप तसाबी तिसऱ्या दिवशी उतरणारच होता!

आणि ताप, अंगदुखी हे बरचसं व्हायरस करतच नाही, आपण करतो. १९५७ ला लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान ह्यांना इंटरफेरॉन सापडलं, म्हणजे लागण झालेली पेशी शेजारच्या पेशींना जी बोंब ठोकून सांगती ना की दार लावा, ती बोंब. त्या बोंबेनंच अंग मोडून येतंय. काविळीतबी तसंच, लिव्हरच्या पेशी मारण्यात मोठा हात आपल्याच पांढऱ्या पेशींचा. डेंग्यूचे चार प्रकार, एक होऊन गेला आणि पुढं दुसरा झाला तर जुन्या अँटिबॉडी कधी कधी उलट मदतच करतात व्हायरसला. पोलिओचं तर बहुतेकांना कळायचंबी नाही, शंभरात एकालाबी लुळेपण येत न्हवतं, पण ज्याला आलं त्याला जन्मभर.

कोण कसा पसरतो हे बऱ्यापैकी कवचावर आहे. फ्लू, कोरोना ह्यांच्या अंगावर चरबीचं पांघरूण, ते साबणानं फाटतंय आणि बाहेर फार टिकत नाही, म्हणून त्यांना नाका-तोंडातनं लगेच दुसरं नाक गाठावं लागतंय. पोटातनं पसरणाऱ्या काविळीच्या व्हायरसला तसलं नाजूक पांघरूण लागत नाही, तो मैल्यातनं नदीत, नदीतनं नळात आरामात प्रवास करतो. दिल्लीत १९५५-५६ ला यमुनेत नाल्याचं पाणी शिरून २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली, ती कसली हे कळायला पाव शतक गेलं. शेवटी १९८३ ला बालायान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं रोग्यांच्या मैल्याचा अर्क स्वतःच पिऊन कावीळ करून घेतली आणि मग स्वतःच्या मैल्यात तो व्हायरस बघितला. हेपॅटायटिस ई. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची मोठी साथ आली ती ह्याचीच, आणि पंचगंगेत काय काय मिसळतंय हे आपण सगळेच पुलावरनं बघतोय.

राहिली नागीण. आमच्या आज्जीला सत्तरीत उठली, पाठीपासनं बरगडीवरनं पोटाकडं फोडांचा पट्टा, आणि गल्लीतल्या बायका काव लावत होत्या कारण तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस दगावतंय म्हणून. ते सहसा जुळतच नाही, कारण तो पट्टा म्हणजे एका बाजूच्या एका नसेचा इलाखा असतो आणि ती नस अंगाच्या मध्यावर संपती. लहानपणीच्या कांजिण्यांचा व्हायरस मणक्याजवळ त्या नसेच्या मुळात झोपून असतोय, वय झालं, अंग उतरलं की परत नसेवरनं खाली येतो. बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या डॉक्टरनं १८९२ ला लिहिलं होतं की मोठ्याला नागीण झाली की त्या घरात पोराला कांजिण्या येतात. लोकांना पटायला लई वर्षं गेली. १९५० च्या दशकात वेलर नावाच्या शास्त्रज्ञानं दोन्ही रोगांतनं एकच व्हायरस वाढवून दाखवला, आणि तो झोपून असतो हे १९६५ ला मांडलं होप-सिम्प्सन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या गावच्या डॉक्टरनं, पेशंटच्या नोंदी ठेवून ठेवून.

आमच्या शेजारचं दीड वर्षाचं पोरगं त्या आठवड्यात आज्जीच्या मांडीवरच असायचं, काव त्याच्या अंगरख्याला लागायची. पंधरा दिवसांनी त्याला कांजिण्या. गल्लीत तेव्हा दुसऱ्या कुणालाच न्हवत्या, आणि त्याची आई हिला विचार तिला विचार करत फिरत होती की आल्या कुठनं.