"डी मधी आहे ना" : बूट डिस्क आणि बॅकअपची पार्श्वभूमी

जुलै संपत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत, माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासमोर मोटरसायकलला बांधलेले सीपीयू उतरू लागतात. खरिपाच्या पीकविम्याची शेवटची तारीख ३१ जुलै. सेवा केंद्रांवर सातबारा हातात घेऊन लोक उभे, विजेच्या लाइनीचा भरवसा नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यात मशीन बसते. "दादा, चालूच नाही होऊन राह्यलं. काळी स्क्रीन येते अन् तिथंच थांबते." मी विचारतो, बॅकअप, म्हणजे फाइलींची वेगळी प्रत, आहे काय? उत्तर ठरलेलं असतं. "आहे ना, डी मधी आहे."

डी म्हणजे त्याच हार्डडिस्कचा दुसरा कप्पा. डिस्कच गेली तर विंडोज असलेल्या सीसोबत डीही जातो. हे सांगताना समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि इतक्या वर्षांनंतरही मला ते सांगणं जड जातं. पण या समजाला मी अडाणीपणा म्हणणार नाही. तो कॉम्प्युटरच्या चाळीस वर्षांच्या इतिहासातून हळूहळू तयार झाला आहे, आणि त्यातला बराच भाग मशीन विकणाऱ्यांनीच लोकांना शिकवला.

आता बूट होणं, म्हणजे बटण दाबल्यावर मशीनने विंडोजपर्यंत उठणं. विहिरीवर मोटार चालवलेल्या माणसाला ते लवकर समजतं. फूटव्हॉल्व्ह गळका असला की पाइपातलं पाणी खाली उतरतं. मग नुसतं बटण दाबून मोटार पाणी उचलत नाही, आधी बाहेरून बादलीभर पाणी पंपात ओतावं लागतं. विहीर भरलेली असते, मोटार धड असते, फक्त पहिला घोट नसतो. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये चालू होताच मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये काय लिहिलंय ते वाचतो. त्यातून पुढचा प्रोग्रॅम, त्यातून पुढे विंडोज. एवढीशी जागा बिघडली की लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, सगळं आत शाबूत असूनही मशीन मुकी. बूट डिस्क म्हणजे बाहेरून ओतलेली बादली.

गंमत अशी की ही डिस्क मुळात संकटकाळची वस्तू नव्हतीच. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत हार्डडिस्क नव्हती. रोज सकाळी डॉसची (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमची) फ्लॉपी, म्हणजे बाहेरची छोटी चकती, घालूनच मशीन उठायची, आणि त्या फ्लॉपीत १६० किलोबाइट मावत. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० मेगाबाइटची हार्डडिस्क आली, मशीन स्वतःच्या पायावर उठायला लागली आणि बूट फ्लॉपी खणात गेली. तिला पुन्हा बाहेर काढलं ते व्हायरसने. १९८६ साली लाहोरात लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या त्या पहिल्या ५१२ बाइटमध्येच जाऊन बसायचा. तेव्हापासून दुरुस्ती करणाऱ्यांचा दंडक झाला की एक स्वच्छ बूट फ्लॉपी वेगळी ठेवायची आणि तिच्यावर लिहायची सोय बंद करायची, म्हणजे तिच्यावर काही चढणार नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काही मशीनचा बायोसही उडवला. तेव्हा हा दंडक पाळणारे आणि न पाळणारे यांच्यातला फरक एका दिवसात दिसला.

आमच्याकडे व्हायरसपेक्षा मोठा शत्रू होता भारनियमन. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे वीज तयार होते, आणि २००५ ते २००८ च्या काळात त्याच विदर्भातल्या खेड्यांत दिवसाला दहा-बारा तास लाइन नसायची. ती जाताना सांगून जात नसे. विंडोज ९८ ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडायचं, त्यात अर्धवट राहिलेलं लिखाण सावरायची सोय नव्हती. विंडोज एक्सपीत ती सुधारली, तरी विंडोजची स्वतःची रजिस्ट्री (तिच्या सेटिंगची नोंदवही) लिहिली जात असताना लाइन गेली की दुसऱ्या दिवशी 'सिस्टिम३२ कॉन्फिग सिस्टिम' ही फाइल हरवली किंवा खराब झाली असा निरोप पडद्यावर यायचा. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' (विंडोज उठवणारी फाइल सापडत नाही) हे शब्द तर इंग्रजी न येणाऱ्या पोरांनाही पाठ होते. शहरात अशा वेळी इंजिनिअरला फोन करायचा. आमच्याकडे सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीने यवतमाळला न्यायचा, एक दिवस जायचा, दुसऱ्या दिवशी आणायला पुन्हा जायचं, आणि परत आलेल्या मशीनमध्ये बहुधा फॉरमॅट मारलेलं, म्हणजे सगळं पुसलेलं असायचं. म्हणून ज्याच्याकडे चालणारी बूट सीडी, तो तालुक्यात मोठा माणूस.

सीडीवरून बूट होणं ही सुद्धा तुलनेने नवी गोष्ट आहे. सुरुवातीला बायोसला सीडी वाचताच येत नसे. विंडोज ९५ टाकायचं तर आधी फ्लॉपीने उठायचं, सीडीचा ड्रायव्हर (मशीनला ती वाचता यावी म्हणून लागणारा प्रोग्रॅम) चढवायचा, मग सीडी. जानेवारी १९९५ मध्ये बायोस बनवणाऱ्या फिनिक्स कंपनीने आणि आयबीएमने मिळून एक पद्धत ठरवली. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या ज्या हॉटेलात ती आकाराला आली, त्याचंच नाव तिला मिळालं: एल टोरिटो. युक्ती साधी होती. सीडीत फ्लॉपीचं एक चित्र ठेवायचं, आणि बायोसने ते वाचताना समजायचं की आपल्याला फ्लॉपीच मिळाली. आज आपण डीव्हीडी राइट करताना 'बूटेबल' म्हणतो, त्याचं मूळ इथे आहे.

बूट झालं, पुढे काय? डिस्क उठवून विंडोज नव्याने टाकणं म्हणजे अर्धा दिवस. मग प्रिंटरचा ड्रायव्हर, साउंडचा ड्रायव्हर, श्री-लिपी, कृतिदेव. मराठी टायपिंग करणाऱ्या माणसाचं खरं नुकसान इथेच व्हायचं, कारण फॉन्टची मूळ सीडी कोणाकडे आहे हे कधीच आठवत नसे. याला उत्तर मिळालं न्यूझीलंडमधून. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात 'घोस्ट' लिहिला, आणि १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली. घोस्ट फ्लॉपीवर मावायचा. त्याने उठायचं आणि सगळा सी जसाच्या तसा एका फाइलीत दाबून ठेवायचा; या फाइलीला इमेज म्हणतात. बिघाड झाला की पंधरा-वीस मिनिटांत मशीन पहिल्यासारखी, फॉन्टसकट.

२००१ नंतर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमामुळे तालुक्या-तालुक्यात वर्ग निघाले. एका खोलीत दहा-बारा सारख्या मशीन, रोज नवी पोरं, रोज काहीतरी उडालेलं. तिथे घोस्टने केलेलं काम मी जवळून पाहिलं आहे. एक मशीन नीट बसवायची, तिची इमेज काढायची आणि रविवारी सगळ्यांवर मारायची. 'घोस्ट मारणे' हा शब्दप्रयोग आमच्याकडे तेव्हापासून रुळला.

पण इमेज ठेवायची कुठे? सीडी ७०० मेगाबाइटची, राइटर महाग, बाहेरची हार्डडिस्क गावात कोणाकडे नाही. मग हार्डडिस्कचे दोन भाग करायचे आणि इमेज डीमध्ये टाकायची. विंडोज बिघडलं तर डी शाबूत राहायचा, आणि बहुतेक वेळा बिघडायचं ते विंडोजच. दहापैकी नऊ वेळा हा उपाय चालला. दहाव्या वेळी डिस्कच गेली. "डी मधी आहे ना" या वाक्याचा जन्म इथला आहे, आणि ते आम्हीच जन्माला घातलं, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या दिवसांत मीही लोकांना डीच सांगितला.

दरम्यान जर्मनीत क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली 'नॉपिक्स' काढलं. हार्डडिस्कला हात न लावता अख्खी लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) सीडीवरून चालायची, आणि मेलेल्या विंडोजमधून फाइली उचलता यायच्या. पण ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, पूर्ण वेग मिळाला तरी, ७०० मेगाबाइटची सीडी उतरवायला २८-२९ तास. पीसीक्वेस्ट, डिजिट अशा मासिकांसोबत येणाऱ्या सीड्या म्हणूनच आम्ही जपून ठेवायचो. तैवानच्या सरकारी संगणन केंद्रातून २००७ मध्ये आलेलं क्लोनझिला हे घोस्टचंच काम फुकट करतं. मी आजही तेच वापरतो.

यानंतर घडलं ते मला खटकतं. २००० च्या दशकात ब्रँडेड मशीनसोबत येणाऱ्या सीड्या हळूहळू बंद झाल्या. त्याऐवजी हार्डडिस्कच्याच एका कोपऱ्यात रिकव्हरीचा कप्पा ठेवायचा आणि ग्राहकाने घरी गेल्यावर त्यावरून स्वतः डीव्हीडी काढायच्या, अशी रीत पडली. कित्येक मॉडेलांत त्या एकदाच काढता यायच्या. हे कागदावर छापलेलं होतं, पण नागपुरात सीताबर्डीवरून लॅपटॉप घेऊन गावी आलेल्या माणसाला ते कोणी सांगितलं? डिस्क गेली की रिकव्हरीही तिच्यासोबत गेली. आम्ही गरजेपोटी डीमध्ये इमेज ठेवली होती. कंपन्यांनी तीच चूक कारखान्यातून पक्की करून पाठवली.

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आलं, आणि त्यात 'सिस्टिम रिपेअर डिस्क' बनवायची सोय सरळ मेनूत मिळाली. चांगली सोय, पण गैरसमज वाढवणारी. साध्या सीडीत मावणारी ती डिस्क फक्त उठवणारी आहे. तिच्यात विंडोज नाही, तुमचे फोटो नाहीत, हिशेब नाहीत. सगळी इमेज वेगळी काढावी लागते, आणि वेगळ्या डिस्कवर ठेवावी लागते. बादली जपून ठेवली म्हणून विहीर भरत नाही. शिवाय ३२-बिटच्या विंडोजवर काढलेली रिपेअर डिस्क ६४-बिटच्या विंडोजला चालत नाही. एका शाळेच्या ऑफिसमध्ये मी कपाटातून छान लेबल लावलेली रिपेअर डिस्क निघताना पाहिली. क्लार्क मॅडमनी ती निश्चिंतपणे माझ्या हातात दिली. तिच्यात शाळेचं काहीच नव्हतं.

चकतीचंही आयुष्य असतं. राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या टिनाच्या खोलीत, खिडकीशेजारी ठेवलेली सीडी गरजेच्या दिवशी वाचली जाईलच असं नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आलेल्या मशीनमध्ये बायोसची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली. तिच्यासोबत सिक्युअर बूट आलं, आणि डिजिटल सहीशिवायचा प्रोग्रॅम उठवायला मशीन नकार देऊ लागली. माझ्या खणातल्या निम्म्या सीड्या त्या वर्षी कामातून गेल्या. पुढे लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्हच गायब झाला आणि सगळं पेनड्राइव्हवर आलं. १२ मे २०१७ ला फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवली असेल तर तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप लागतं.

आताची अडचण वेगळीच आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवी मशीन सुरू केली की डिस्क आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. चांगली बूट पेनड्राइव्ह असली, लिनक्स उठलं, तरी आतलं काही वाचता येत नाही. त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि ती ज्या ईमेल खात्यात असते ते खातं बहुतेकदा लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने घाईत बनवून दिलेलं असतं. मालकाला ते ठाऊकही नसतं.

म्हणून या जुलैपासून मी मशीन दुरुस्त करून परत देताना मालकाच्या वहीत तीन ओळी त्याच्याच हाताने लिहून घेतो: खात्याचा ईमेल, ते ४८ अंक, आणि इमेज कोणत्या बाहेरच्या डिस्कवर आहे व ती कोणत्या तारखेची. मग त्याच्यासमोर पेनड्राइव्ह लावून मशीन एकदा बाहेरून उठवून दाखवतो. वेळ जातो, मागे गिऱ्हाईक थांबलेलं असतं. परवा दिग्रसकडच्या एका काकांनी विचारलं, "मंग डी मधलं काढून टाकू काय?" मी म्हटलं, राहू द्या काका, फक्त तेवढ्यावर विसंबू नका.