सिनेट पहिल्याच दिवशी गेली नव्हती

नाशिकला कॉलेज रोडवर मिसळ खाताना ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: मालिकेतला खलनायक पॅल्पटीन सम्राट झाला आणि त्याच दिवशी त्यानं सिनेट, म्हणजे आकाशगंगेची संसद, मोडीत काढली. साफ चूक! २००५च्या चित्रपटात साम्राज्याची घोषणा सिनेटमध्येच होते, तीही टाळ्यांच्या कडकडाटात. पुढे कथेतली १९ वर्षं सिनेट टिकली. नावापुरती का होईना, पण डेथ स्टार, म्हणजे अख्खा ग्रह उडवणारं अंतराळातलं लढाऊ तळ, हाताशी येईपर्यंत ती गुंडाळली नाही, हे लक्षात घ्या.

कथेत त्यानंतर घडणाऱ्या १९७७च्या चित्रपटात साम्राज्याच्या अधिकाऱ्यांची लष्करी बैठक चालू असते. बंडखोरांना सिनेटमध्ये पाठिंबा वाढतोय, असं जनरल टॅगी म्हणतो न म्हणतो तोच साम्राज्याचा बडा अधिकारी टार्किन आत येऊन बरखास्तीची बातमी देतो. मग कारभार कसा चालणार, टॅगी विचारतो. उत्तर: प्रांतांचे गव्हर्नर आणि डेथ स्टारचा धाक.