दूध संस्थेचा चेअरमन बदलायचाय? आधी सभासद यादी उघडा

आमच्या लांजा-राजापूर पट्ट्यात दूध संस्था म्हणजे घाटावरच्यासारखा मोठा पसारा नसतो. पहाटे साडेपाचला पडवीत वजनकाटा लागतो, वाडीवाडीवरून किटल्या येतात, नमुन्याच्या बाटल्या ओळीत लागतात. फॅट-एसएनएफचा (दुधातली चरबी आणि चरबी सोडून बाकी घन पदार्थ) आकडा छापलेली पट्टी हातात पडते, ती पावसाळ्यात घरी पोचेपर्यंत अर्धी पुसलेली असते. संस्था लहान असली तरी घरातली गॅसची टाकी, पोराची फी आणि पेंडीचं पोतं त्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं. म्हणून कारभार बिघडला की लोक पहिली गोष्ट बोलतात ती एकच, चेअरमन बदला.

बदलायचा कसा, इथे गाडी अडते. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी बिलं थकायला लागली तेव्हा गणपतीत सगळे घरी असताना चाळीसेक सभासदांच्या सह्या घेतल्या, वर 'अविश्वास ठराव' असं ठळक लिहिलं आणि अर्ज कार्यालयात नेऊन दिला. तो परत आला. अर्जात खोटं काही नव्हतं, पण ज्यांच्या सह्या होत्या त्यांना अविश्वास आणायचा अधिकारच कायद्याने दिलेला नव्हता. दरम्यान मुंबईकर परत गेले आणि सगळं थंडावलं. तशी वेळ दुसऱ्या गावावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गावच्या दूध संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे, आणि त्याच्या जोडीला संस्थेचे स्वतःचे मंजूर उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली. उपविधीची प्रत नसेल तर आधी ती मिळवा. कलम ३२ प्रमाणे सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांचं प्रोसिडिंग (इतिवृत्त) आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. नक्कल हवी तर फी भरून लेखी अर्ज करायचा, ती महिनाभरात मिळाली पाहिजे. तुमचा निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, कोण हेही आधीच पाहून ठेवा. दूध संस्थांचं काम दुग्ध विभागाच्या निबंधकाकडे असतं, ज्याला आपण सहायक निबंधक, दुग्ध म्हणतो. कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत तुमची संस्था येते ते नोंदणी प्रमाणपत्रावर आणि अलीकडच्या पत्रव्यवहारावर दिसेल. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज फिरत राहतो.

चेअरमनला सभासद थेट निवडत नाहीत. सभासद संचालक निवडतात आणि संचालक आपल्यातून चेअरमन, व्हाइस चेअरमन निवडतात. म्हणून चेअरमन बदलण्याचं मूळ सभासद यादीत आहे.

ती यादी कोकणात फार विचित्र असते. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक वहिनी दोन म्हशी सांभाळतात. भारा कापणं, धार काढणं, केंद्रावर दूध घालणं, सगळं त्यांचं. पासबुक मात्र नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा नालासोपाऱ्याला नोकरीला. मत त्याचं. तो मतदानाला येत नाही, आला तर दुधाचा दर काय मिळतो हे त्याला वहिनींनाच विचारावं लागतं. अशी दहा घरं असली की संस्था कुणाची आणि मत कुणाचं यात मोठं अंतर पडतं. त्यात मयत सभासदांची नावं तशीच असतात, कारण वारस नोंद कुणी केलेली नसते.

हे दुरुस्त करायला निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. सभासद होऊन ठरावीक काळ झाल्याशिवाय मतदानाचा हक्क मिळत नाही, त्यामुळे वर्षं आधी हालचाल लागते. सभासद व्हायला अठरा वर्षं पूर्ण, संस्थेच्या कार्यक्षेत्रात वास्तव्य आणि दुभतं जनावर, या बहुतेक उपविधींतल्या अटी. जमीन पाहिली जात नाही, म्हणून सातबारा नसलेल्या माणसानं मागं सरू नये. अर्जासोबत आधार कार्ड, फोटो, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, शेअर्सची आणि प्रवेश फीची रक्कम आणि जनावर आपलंच असल्याचा पुरावा जोडा. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो, तो अर्जात लिहिला की वाद राहत नाही. अर्जाची पोच घ्या. संस्थेने तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर कलम २२ प्रमाणे तुम्हाला सभासद करून घेतलं असं मानलं जातं. अर्जच घ्यायला नकार दिला तर तो फीसह निबंधकाकडे देता येतो. त्या वहिनींना मी हेच सांगितलं होतं, आणि आता शेअर त्यांच्या नावावर आहे.

नुसतं नाव असून भागेल असं धरू नका, सभासद क्रियाशील असण्याची अट असू शकते. म्हणजे सर्वसाधारण सभेला हजेरी आणि ठरलेलं किमान दूध संस्थेला घातलेलं; आज लागू असलेली नेमकी अट उपविधीत आणि निबंधक कार्यालयात पाहून घ्या. तेव्हा वार्षिक सभेच्या हजेरीपटावर सही केल्याशिवाय बाहेर पडू नका. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. आपल्याकडे ती नेमकी गणपतीच्या गडबडीत येते, बायका स्वयंपाकात असतात आणि हजेरीपटावर पुरुषांच्याच सह्या पडतात. सभेची वेळ दुधाच्या वेळेला जोडून ठेवा, असं सचिवांना आधीच सांगा.

मुदत संपली की निवडणूक

संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची, पदाधिकाऱ्यांचीही मंडळाबरोबरच. निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण घेतं, आणि मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी प्राधिकरणाला कळवणं ही मंडळाची जबाबदारी. कळवलं का, हे सभासदाने विचारायला हरकत नाही. प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली की हरकती घेण्यासाठी थोडेच दिवस मिळतात. नाव गळलं असेल, वडिलांच्या जागी मुलाचं हवं असेल, गाव सोडून गेलेल्याचं आलं असेल, तर हरकत त्याच दिवसांत लेखी द्यायची. नंतर कितीही खरं बोललात तरी उपयोग नाही.

संचालकांची संख्या उपविधीत असते. त्यातल्या दोन जागा महिलांसाठी, एक अनुसूचित जाती-जमातींसाठी, एक इतर मागासवर्गीयांसाठी आणि एक भटक्या विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गासाठी. तज्ज्ञ म्हणून घेतलेल्या संचालकांना पदाधिकाऱ्यांच्या निवडीत मत नाही आणि त्यांना चेअरमनही होता येत नाही.

उभं राहायचं असेल तर उमेदवाराचं नाव मतदार यादीत हवं, तसंच सूचक आणि अनुमोदकाचंही. नामनिर्देशन पत्रासोबत ओळखपत्र, अनामत भरल्याची पावती, संस्थेची येणेबाकी नसल्याचा दाखला आणि राखीव जागा असेल तर जातीचं प्रमाणपत्र लागतं. येणेबाकीवर सगळ्यात जास्त अर्ज पडतात. पशुखाद्याची दोन पोती उधार नेलेली असतात, बिलातून कापली असतील असं आपण धरून चालतो आणि खात्यावर ती तशीच दिसतात. अर्ज भरायच्या महिनाभर आधी सचिवांकडून खातेउतारा घ्या. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अटही आहे: ७ सप्टेंबर २००१ ला ज्यांना दोनपेक्षा जास्त अपत्यं होती त्यांची संख्या पुढे वाढली नसेल तर ते अपात्र ठरत नाहीत, बाकीच्यांना ही अट लागू होते. संस्थेशी कंत्राटी व्यवहारात हितसंबंध असलेला, किंवा संस्था करते तोच धंदा स्वतः करणारा माणूसही अडचणीत येतो. खासगी डेअरीसाठी दूध गोळा करणाऱ्याने हे आधी तपासावं.

आपल्याकडे बऱ्याच गोष्टी गावकीत ठरतात, देवळाच्या मांडावर बसून 'यंदा खालच्या वाडीचा चेअरमन' असं होतं. निवडणूक बिनविरोध करायची ही पद्धत मला चांगलीच वाटते, खर्च आणि भाऊबंदकी दोन्ही वाचतात. पण गावकीत ठरलं म्हणून कागद चुकत नाहीत. जागा तेवढेच वैध अर्ज असले तरच बिनविरोध होतं, आणि ठरलेल्या माणसाचा अर्ज छाननीत उडाला तर ती जागा रिकामी राहते. म्हणून प्रत्येक जागेला एक पर्यायी अर्ज भरून ठेवा, तो नंतर मुदतीत मागे घेता येतो.

निकाल लागल्यावर निवडणूक अधिकारी नव्या संचालकांची सभा बोलावतात आणि तिथे चेअरमन, व्हाइस चेअरमन निवडले जातात. निवडणुकीवर आक्षेप असेल तर कायद्याने ठरवलेल्या मुदतीच्या आत सहकार न्यायालयात वाद दाखल करावा लागतो.

राजीनामा

एक वर्ष तू, एक वर्ष मी, असा शब्द पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो. या शब्दाला कायद्याचा आधार नाही, दिलेला माणूस पाळेल तेवढाच तो. पाळलाच तर राजीनाम्यात एक वाक्य नीट लिहा: 'मी चेअरमन पदाचा राजीनामा देत आहे, संचालक म्हणून कायम राहीन.' नुसतं 'राजीनामा देत आहे' असं लिहिल्यामुळे संचालकपदही गेलं का, यावर महिनोन्महिने वाद झालेले मी पाहिले आहेत. राजीनामा मासिक सभेत ठेवून मंजूर करायचा, प्रोसिडिंगला नोंद घ्यायची, ठरावाची नक्कल निबंधक कार्यालयाला पाठवायची. रिकाम्या पदासाठी कार्यालय अध्यासी अधिकारी, म्हणजे निवडीची सभा चालवणारा अधिकारी, नेमतं आणि त्याच्यासमोर नवी निवड होते.

अविश्वास

इथेच आमचं चुकलं होतं. कलम ७३-१ड नुसार अविश्वासाची मागणी संचालकांनीच करायची. सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण संचालकांपैकी किमान एक तृतीयांश जणांच्या सह्या लागतात. ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तीही हजर असलेल्यांच्या नव्हे तर एकूण संचालकांच्या. अकरा संचालक असतील तर सह्या चार आणि मतं आठ. तेरा असतील तर सह्या पाच आणि मतं नऊ. अकरापैकी सात जण बाजूने आले आणि चार जण घरीच बसले तरी ठराव पडला. गैरहजर माणूस चेअरमनच्याच बाजूने मोजला जातो, हे लक्षात ठेवून एकेका संचालकाच्या घरी जा.

अर्ज विहित नमुन्यात निबंधकाकडे द्यायचा, चेअरमनकडे नाही. मजकूर साधा असू द्या: 'आम्ही खाली सह्या करणारे संस्थेचे संचालक, चेअरमन यांच्यावर आमचा विश्वास राहिलेला नाही. त्याची कारणं पुढीलप्रमाणे. तरी या विषयासाठी संचालक मंडळाची विशेष सभा बोलवावी, ही विनंती.' कारणांमध्ये थकलेल्या बिलांच्या तारखा, लेखापरीक्षकाचे शेरे, न झालेल्या सभा असं कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा. सोबत संचालकांची अधिकृत यादी जोडा.

अर्ज मिळाल्यावर निबंधक सात दिवसांत विशेष सभेची नोटीस काढतात आणि नोटिशीच्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत सभा होते. अध्यक्षस्थानी निबंधक किंवा सहायक निबंधकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी बसतो, त्याला मत नसतं. ही सभा कोणत्याही कारणाने तहकूब करता येत नाही. कुणी कोणत्या बाजूने मत दिलं ती नावं सभेत वाचली जातात आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिली जातात, त्यामुळे मागे राहून गंमत बघणाऱ्या संचालकाने आधीच मनाची तयारी करावी. पदावर येऊन कायद्याने ठरवलेला काळ गेल्याशिवाय अशी मागणी करता येत नाही आणि ठराव फेटाळला गेला तर लगेच दुसरा आणता येत नाही. या मुदतीच्या कलमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज टाईप करण्याआधी कार्यालयात जाऊन त्या दिवशी लागू असलेलं कलम वाचून घ्या.

मग साध्या सभासदाच्या हातात काय? एक पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत त्याहून कमी संख्या असेल तर तेवढ्यांनी, लेखी मागणी केली की कलम ७६ प्रमाणे महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. तिथे चेअरमन हटत नाही, पण हिशेब विचारता येतो. कलम ८३ खाली चौकशीचीही मागणी करता येते. आमचे ते चाळीस सह्यांचे कागद या मार्गाने गेले असते तर वर्ष वाचलं असतं.

चार्ज घेताना

मावळत्या चेअरमनने कार्यभार, दप्तर आणि मालमत्ता नव्याच्या ताब्यात द्यायची, हे कलम १६० सांगतं. दिलं नाही तर निबंधक लेखी आदेश काढू शकतात. तोंडी चार्ज घेऊ नका. दोन साक्षीदारांसमोर यादी करा: प्रोसिडिंग बुकं, सभासद नोंदवही, रोजकीर्द, चेकबुकं, शिल्लक रोकड, गोदामातली पोती मोजून, कॅन मोजून, वजनकाट्याच्या मुद्रांकनाचं प्रमाणपत्र, फॅट मशीन, अन्न परवाना, संकलनाच्या संगणकाचा पासवर्ड. आपली संस्था ज्या दूध संघाची सभासद आहे त्याच्या निवडणुकीत संस्थेतर्फे मत द्यायला कुणाच्या नावाचा ठराव गेला आहे, तेही पाहा. गावातल्या बदलानंतर ठरावधारक कोण हा प्रश्न निघतोच.

बँकेत सहीचा बदल करायला निवडीच्या सभेची नक्कल, नव्या पदाधिकाऱ्यांचे आधार, पॅन, फोटो आणि नमुना सह्या लागतात. जिल्हा बँकेच्या शाखेत याला आठवडा सहज जातो. तोवर जुनी सही चालत नाही, नवी नोंदलेली नसते, आणि मधल्या काळात बिलाची तारीख आली तर उत्पादकांचे पैसे अडकतात. म्हणून बिल वाटून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत जा, म्हणजे पुढच्या बिलापर्यंत जवळजवळ दहा दिवस हाताशी राहतात.