श्रद्धेचा वाद माजघरात कसा पोचला: मराठी ख्रिस्ती चिंतनाची पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती नियतकालिके चाळणाऱ्याला चिंतनाचे पान ओळखीचे असते. बायबलमधले एखादे वचन, ते बुद्धीला पटते का याची थोडी उलटतपासणी आणि मग पुढच्याच परिच्छेदात घरातली गोष्ट: सासूचे आजारपण, मुलीचे लग्न, शेजाऱ्याशी बिनसलेले. बाहेरच्या वाचकाला हा इंग्रजी प्रवचनाचा मराठी अवतार वाटतो. थोडाफार तो आहेही. पण श्रद्धा आणि बुद्धी यांचे भांडण मराठीत ज्या वाटेने झाले, ती वाट युरोपातली नव्हे. इथे समोर न्याय-वेदान्त कोळून प्यायलेला शास्त्री उभा होता, आणि त्याच्यामागे पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, असे विचारणारे अख्खे घर.

सुरुवात गोव्यातून करावी लागते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघाचा धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्याला आला आणि उरलेले आयुष्य त्याने मुख्यतः गोव्यातल्याच साष्टी भागात काढले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल इथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्या जवळजवळ अकरा हजार. मराठीच्या स्तुतीची त्यातली ओवी शाळेपासून पाठ असते, पण ग्रंथ का लिहिला गेला ते फारसे कोणी सांगत नाही. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचे काय, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची तक्रार ग्रंथातच येते. तत्त्वज्ञानाचा मोठा पेच त्यात नाही. संध्याकाळचा वेळ कसा घालवायचा, इतकी ती साधी अडचण आहे. स्टीफन्सने त्यांना सिद्धान्ताचे पुस्तक दिले नाही, पुराणच दिले, आणि मधूनमधून प्रश्न विचारणारे श्रोतेही त्यात बसवले.

वादाचा काळ दोनशे वर्षांनी आला, मुंबईत. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये तिथे उतरले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये. विल्सन विद्वान आणि तितकेच वादप्रिय. 1831 मध्ये मोरोभट्ट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला, मोरोभट्टांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सननी त्याला पुस्तकाने उत्तर दिले, मग साताऱ्याच्या नारायणरावांनी लेखणी उचलली आणि त्यांनाही उत्तर गेले. पुराणातल्या देवांचे आचरण तर्काच्या ताजव्यात घालायचे, हे मिशनऱ्यांचे ठरलेले हत्यार. ते दुधारी निघाले. जो तर्क कृष्णाच्या गोष्टींना लावायचा तो बायबलच्या जुन्या करारातल्या गोष्टींना का नाही, हे विचारायला पंडितांना वेळ लागला नाही.

हे सवाल-जवाब 1857 च्या आरंभी विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी थेट समुद्रकिनाऱ्यावर नेले. हे मूळचे विष्णू भिकाजी गोखले, कस्टमातली नोकरी सोडून फिरणारे. संध्याकाळी मुंबईच्या चौपाटीवर मिशनरी एका बाजूला, बावा दुसऱ्या बाजूला आणि भोवती बघ्यांची गर्दी. त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने प्रसिद्ध केला. हे बोवेन मुंबईच्या वस्तीत इतक्या साधेपणाने राहत की त्यांच्या युक्तिवादांपेक्षा त्यांच्या राहणीचीच लोकांवर छाप पडली असावी, असे माझे मत. नुसत्या वादाने कोणी ख्रिस्ती झाल्याची उदाहरणे मला फार कमी दिसतात.

एक मात्र मोठे उदाहरण आहे, आणि तेही सरळ नाही. नीळकंठशास्त्री गोरे, जन्म 1825, बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले, वाढले काशीत. जॉन म्यूर या अधिकाऱ्याने 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला. त्याला उत्तर देणाऱ्या पंडितांत तरुण नीळकंठ होते. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ 1844-45 चा. कोणी जन्मतःच सुखात आणि कोणी जन्मतःच दुःखात, याचा हिशेब पूर्वकर्माखेरीज तुम्ही कसा लावणार, ही त्यांच्या बाजूची भक्कम हरकत होती. ख्रिस्ती मत खोडून काढायचे तर ते नीट वाचले पाहिजे, म्हणून ते वाचत गेले. मार्च 1848 मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून त्यांनी सहाही दर्शनांवर आक्षेप घेतले, आणि अँग्लिकन चर्चमध्ये ते फादर गोरे झाले.

गोऱ्यांची खरी ओळख मला त्यांच्या खंडनात पटत नाही, त्यांच्या शंकांत पटते. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. नरक कायमचा कसा, आपण निवडले ते नक्की खरे का, हे प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिले. 1895 मध्ये मुंबईत ते वारले. नैयायिकाची, म्हणजे न्यायशास्त्र शिकलेल्याची, बुद्धी धर्म बदलला म्हणून स्वस्थ बसत नाही. शंका म्हणजे पाप, असे त्या काळचे पाळक सांगत असताना एक श्रद्धाळू माणूस उघडपणे शंका घेऊन जगला. मराठी ख्रिस्ती चिंतनाला मिळालेला हा वारसा आजही दुर्लक्षित आहे.

वाद विद्वानांचे चालले होते, तेव्हा घरांत वेगळेच रामायण सुरू होते. 1843 मध्ये विल्सनच्या शाळेतला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्याकडे राहू लागला, तेव्हा वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात मिळाला. पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर मुंबईचे ब्राह्मण दुभंगले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर घ्यावे या बाजूचे, म्हणून त्यांनाही विरोध सोसावा लागला. मुलाचा विश्वास कशावर आहे याची चौकशी कमीच झाली. त्याच्या पोटात कोणाचे अन्न गेले, यावर सारा खल.

सुशिक्षितांच्या परमहंस मंडळीतही कसोटी खाण्याचीच होती. दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या गुप्त सभेत जातिभेद मोडल्याची खूण म्हणून पाव खावा लागे. बाबा पदमनजी त्या वर्तुळात वावरून पुढे 1854 मध्ये बेळगावला ख्रिस्ती झाले. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ 1857 चे, विधवांच्या हालांवरचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखले जाते. तात्त्विक वाद बाजूला ठेवून त्यांनी विधवेची स्थिती दाखवली. वाद घरात शिरला तो इथे.

मग रमाबाई. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज इथे सप्टेंबर 1883 मध्ये झाला. त्यामागे गोऱ्यांशी झालेली चर्चा होती आणि एक पाहिलेली गोष्टही. लंडनमधल्या फुलहॅम इथे ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स सांभाळत होत्या, ते त्यांनी बघितले. आपल्याकडे अशा बाईला दारातही उभे करत नाहीत. इथे तिच्यासाठी घर आहे. हे कोणत्या शिकवणीतून आले, या प्रश्नाला त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातल्या, येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या परक्या शोमरोनी स्त्रीची कथा दाखवण्यात आली. शास्त्र्याच्या मुलीला पुरावा सापडला तो आश्रमाच्या रोजच्या कामात.

म्हणून त्या मुकाट्याने सगळे मानू लागल्या, असे मात्र झाले नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, चमत्कार पटेनात, आणि बिशपांनी सांगितले म्हणून मानायचे हे तर मुळीच पटेना. आत्ताच मोठ्या कष्टाने भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड काढून टाकले आहे, दुसरे तसलेच जोखड लगेच मानेवर घेणार नाही, या आशयाचे त्यांनी 1885 मध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांना लिहिले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, याची चिंता हिंदुस्थानातल्या बिशपांना पडली होती, त्याच सुमाराची ही गोष्ट. आणि हा वाद कुठवर गेला? पुडिंगपर्यंत. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पुडिंग खाईनात. सिस्टरना त्यात जातीचा जुना अहंकार दिसला. माझा अहंकार तुम्हाला पाय-पुडिंगांत, दुधालोण्यात आणि अंड्यांत शोधायचा तर खुशाल शोधा, असा ठसका रमाबाईंच्या उत्तरात आहे. धर्म बदलला म्हणजे ताटातले पदार्थ का बदलावेत? मुंबईच्या ब्राह्मणांनी श्रीपतच्या पोटाची जी चौकशी केली, तीच वाँटेजच्या मठात उलट्या बाजूने झाली.

पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कहाणीत, रमाबाईंनी कबूल केले की बुद्धीला पटलेला ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी भेटला. हे वाक्य श्रद्धावाद्यांनी बुद्धीवरचा विजय म्हणून फार वापरले आहे. मला ते तसे वाटत नाही. त्यानंतरही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करत होत्या, आणि दुष्काळातून आणलेल्या मुली-बायका छापखाना चालवत होत्या. ही बुद्धीला रजा देणाऱ्या बाईची लक्षणे नव्हेत.

कवी नारायण वामन टिळकांची कथा जास्त परिचित आहे, म्हणून थोडक्यात. 1893 च्या सुमारास आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियनाने दिलेला नवा करार वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. खंडनाची भाषा त्यांच्यापाशी संपली आणि अभंगाची सुरू झाली. पण चिंतनाच्या पानावरचा घरगुती सूर माझ्या मते त्यांचा नाही, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या, मग परतल्या त्या सोवळे सांभाळत, वेगळी चूल मांडून. जात ही देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी पाण्याच्या भांड्यापाशी सोडवला. आधी विटाळ सुटला आणि मग 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे हसत-खेळत येते, एवढ्या मोठ्या मानसिक उलथापालथीचे इतके विनोदी वर्णन मराठीत दुसरे नसेल.

इथवर बहुतेक नावे ब्राह्मणांची आली. लिहिता येणाऱ्यांनी लिहिले, म्हणून तीच उरली. प्रत्यक्षात अहमदनगर, जालना या भागांतले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग वस्त्यांतून आलेले. 1876-78 च्या आणि शतकाअखेरच्या दुष्काळांनंतर त्यांची संख्या वाढली, आणि ‘धान्यासाठी धर्म सोडला’ हा टोमणाही तेव्हाचाच. ज्याला गावच्या विहिरीवर जाता येत नाही आणि शाळेच्या आत बसता येत नाही, त्याने जिथे बसायला मिळाले तो पंथ धरला, तर त्याचा विचार शास्त्र्याच्या विचारापेक्षा हलका कसा? त्यामागचा हिशेब रोखठोक होता. पण त्याची नोंद कोणी केली नाही.

जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 1847 मध्ये थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याचे गुण गाइले आणि स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त (1891) त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सारे एका घरात प्रेमाने राहतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या वादांना याहून पुरेपूर उत्तर मला माहीत नाही.

कॅथलिकांची वाट थोडी निराळी. वसईचे सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती पोर्तुगीज अमलातले, म्हणजे 1739 च्या आधीचे; त्यांना धर्मांतराचा वाद आठवणीतही नव्हता, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. 1955 मध्ये ‘सुवार्ता’ हे नियतकालिक निघाले, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) लोकभाषेतल्या उपासनेला वाट दिली, आणि मग वसईची मराठी लेखणी धावू लागली. थॉमस डाबरे यांनी तुकारामाच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आणि पुढे ते बिशप झाले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ‘सुवार्ता’चे माजी संपादक, हरित वसई आंदोलनातले अग्रणी, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, अशी कुरकुर तेव्हाही झालीच. पाणी, झाडे, बिल्डर हे विषय चिंतनात आले ते बव्हंशी या वसईकरांमुळे.

नगरकडच्या खेड्यांत मात्र 1950 पासून वेगळाच पेच उभा आहे. त्या वर्षीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धीला पटणारा धर्म म्हणून बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर एकाच भावकीत एक घर बौद्ध, एक ख्रिस्ती, अशी स्थिती झाली. बौद्ध चुलतभावाला जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती चुलतभावाला नाही. म्हणून कित्येक घरांत देवळात (म्हणजे चर्चमध्ये) एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नाचा अभ्यास करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. रविवारच्या चिंतनात या दुहेरी नावांचा विषय क्वचितच निघतो. पाळकही तो टाळतात, कारण समोरच्या बाकावरच्या अर्ध्या लोकांचे दाखले त्यांनीच पाहिलेले असतात.