खानदेशातून बी.एफ.ए.ला प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचे दोन टप्पे

आमच्याकडे ‘मुलगा आर्टला आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला तो बी.ए. करतो आहे असेच वाटते. त्यामुळे सुरुवातीलाच सांगणे भाग आहे की येथे ज्या पदवीची माहिती दिली आहे ती बॅचलर ऑफ फाइन आर्ट, म्हणजे बी.एफ.ए. ही चार वर्षांची पदवी आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरते कार्यक्षेत्र असलेले हे राज्यातील लहान विद्यापीठांपैकी एक आहे. येथील संलग्न ललित कला महाविद्यालयात शिकल्यास पदवी विद्यापीठाची मिळते, मात्र प्रवेश विद्यापीठ देत नाही. तो राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतो. कला शिक्षक पदविका (ए.टी.डी.) किंवा जी.डी. आर्ट हे कला संचालनालयाचे पदविका अभ्यासक्रम आहेत आणि त्यांचा अर्ज वेगळा असतो. एनआयडी किंवा आयआयटीमधून डिझाइन शिकायचे असेल, तर त्या परीक्षाही स्वतंत्र आहेत.

बी.एफ.ए.साठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. शाखा कोणतीही चालते. खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण लागतात. त्याखेरीज एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे प्रत्येकी ५० गुणांचे चार भाग मिळून २०० गुण असतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना पहिले तिन्ही शब्द ओळखीचे आहेत. माझे स्पष्ट मत आहे की स्मरणचित्रासाठी शहरी क्लासच्या नमुन्यांवरून बाग आणि फुगेवाला गिरवत बसण्यापेक्षा स्वतः पाहिलेले काढावे. केळीचे घड डोक्यावर घेऊन ट्रककडे जाणारे मजूर, खांद्याची रेषा किती झुकते, मान कशी ताठ राहते, हे रावेर-यावलच्या मुलाने रोज पाहिलेले असते. मानवाकृतीची ती समज परीक्षकाला लगेच दिसते.

आता अर्जाविषयी. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो येथे, कारण अर्ज दोनदा करावा लागतो. पहिला अर्ज परीक्षेचा असतो : नोंदणी, छायाचित्र व सही अपलोड करणे, शुल्क आणि मग प्रवेशपत्र. निकाल लागल्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे ‘कॅप’साठी, पुन्हा नोंदणी करून कागदपत्रे अपलोड करावी लागतात. त्यांची पडताळणी झाल्यावर गुणवत्ता यादी लागते, त्यानंतर महाविद्यालयांचे पर्याय भरायचे आणि जागावाटपानंतर ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात हजर व्हायचे. परीक्षा चांगली गेली म्हणून निवांत राहिलेल्या आणि दुसरी नोंदणी राहून गेलेल्या मुलांचे फोन मला जवळजवळ दरवर्षी येतात.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचे गुणपत्रक, आधार आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र ही सर्वांना लागणारी यादी आहे. अधिवासाचे प्रमाणपत्र सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून तहसील कार्यालयाकडे अर्ज करून मिळते. सुरतेत कामाला गेलेल्या कुटुंबांतील ज्या मुलांची दहावी-बारावी गुजरात बोर्डातून झाली आहे, त्यांच्यासाठी स्वतःचे किंवा आई-वडिलांपैकी एकाचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र हाच राज्याच्या कोट्यात येण्याचा आधार ठरतो; पुढे विद्यापीठाच्या पात्रतेसाठी त्यांना गुजरात बोर्डाचे स्थलांतर प्रमाणपत्रही जोडावे लागते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि खरा वेळ येथेच जातो. विज्ञान शाखेच्या मुलांना कनिष्ठ महाविद्यालय अकरावी-बारावीतच वैधतेचा अर्ज करायला लावते. कला शाखेच्या मुलांना सहसा कोणी आठवण करून देत नाही, आणि बी.एफ.ए.कडे वळणारी बरीच मुले नेमकी तिथलीच असतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीची नोंद असलेला पुरावा अपेक्षित असतो. व्यवहारात याचा अर्थ आजोबांच्या मराठी शाळेतून जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा काढणे, आणि त्यासोबत वंशावळीचे शपथपत्र. उताऱ्यात ‘रामा’ आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘रामदास’ असे आढळले, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र तेव्हाच करून ठेवावे. अनुसूचित जमातींच्या दाव्यांसाठी तपासणी समिती वेगळी असते आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी तर दिवाळीपूर्वीच या कामाला लागलेले बरे.

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राबाबत, एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्याच्या पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते प्रमाणपत्र वैध असले पाहिजे. फेब्रुवारीत घाईने काढलेले आणि महिन्याभरात संपणारे प्रमाणपत्र जूनमध्ये उपयोगाचे नसते, त्यामुळे हाती पडताच त्यावरची वैधतेची तारीख वाचावी.

शुल्काच्या बाबतीत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करता येतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत ‘कॅप’मधून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते. व्यवस्थापन कोट्यातून ‘जागा पक्की करून देतो’ असे कोणी सांगितले, तर होकार देण्यापूर्वी त्या जागेवर ही माफी मिळणार नाही हे घरात बसून, कागदावर वर्षाचे शुल्क मांडून पाहावे.